दोन वर्षं न खपलेला नांगर : एक प्रकरण अभ्यास

उद्योजकतेच्या कुठल्याही मराठी शिबिरात लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव निघतंच. बेळगावचं सायकलचं दुकान, लोखंडी नांगर, निवडुंगाच्या माळावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी, एवढं पाच मिनिटांत सांगून होतं आणि वक्ता 'जिद्द' या शब्दावर येऊन थांबतो. समोरची मुलं भारावतात. पण ज्याच्या शेडमध्ये स्वतः बनवलेली बारा यंत्रं गिऱ्हाईकाची वाट बघत पडून आहेत, त्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. जिद्द त्याच्याकडेही असते. ती नसती तर त्याने यंत्रं बनवलीच नसती.

या गोष्टीतला त्याच्या कामाचा भाग आपण घाईत ओलांडून जातो. पहिला लोखंडी नांगर विकायला लक्ष्मणरावांना सुमारे दोन वर्षं लागली. माल तयार होता, चालत होता, पण घेणारा मिळत नव्हता. या लेखात मी त्या अडकलेल्या अवस्थेचा अभ्यास केला आहे: शेतकरी नाही का म्हणत होता, त्या नकाराचा अर्थ काय लावायचा, आणि पुढे नांगर गावोगाव गेला तेव्हा त्याच्या भोवती नेमकं काय बदललेलं होतं.

कारागीर कसा घडला

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथला. शाळेच्या अभ्यासापेक्षा चित्रकलेत आणि यंत्रांत मन रमणारा मुलगा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये तो दाखल झाला, पण काही रंग त्याला नीट ओळखता येत नाहीत हे तिथे उघड झालं. रंगकाम सुटलं आणि यांत्रिक आरेखन हाती राहिलं. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिकवू लागले. तिथे त्यांच्या वाट्याची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे रामुअण्णा, यांच्यासोबत १८८८ पासून 'किर्लोस्कर ब्रदर्स' या नावाने सायकलींचा व्यवहार सुरू झालेला होता. त्याच्या जोडीला छोटं वर्कशॉप आलं आणि त्यातून कडबा कापायचं यंत्र तयार झालं. इंजिनिअरिंगची पदवी नाही, गाठीला भांडवल नाही. होता तो यंत्राचं चित्र वाचता येणारा डोळा, तंत्राविषयीच्या इंग्रजी मासिकांचं वाचन आणि हाताखालची चार माणसं.

पुढच्या मांडणीसाठी एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवतो. लोखंडी नांगराची कल्पना लक्ष्मणरावांची नव्हती. तसे नांगर विलायतेत आणि अमेरिकेत शंभर वर्षं बनत होते आणि इथल्या बाजारातही थोडे आलेले होते. तोच नांगर इथल्या भट्टीत, इथल्या हातांनी ओतायचा आणि इथल्या शेतकऱ्याला परवडेल असा करायचा, हे लक्ष्मणरावांचं काम. 'मग ते संशोधक कसले?' असं विचारणारे भेटतात. जो माल फक्त बोटीतून येतो तो आपल्या गावात तयार करून दाखवताना पावलोपावली नवं काही शोधावं लागतं, आणि त्या शोधाची नोंद कुठल्याही पेटंट कचेरीत होत नाही. मी त्यांना संशोधक म्हणतो ते याच अर्थाने.

शेतावरची परिस्थिती

१९०३ च्या सुमाराला नांगर तयार झाला. तो कोणापुढे ठेवला गेला, हे समजल्याशिवाय पुढचं काही उलगडत नाही.

दख्खनच्या शेतकऱ्याकडे बाभळीच्या लाकडाचा जड नांगर होता. टोकाला लोखंडाचा फाळ, बाकी सगळं लाकूड. काळ्या चिकट जमिनीत तो ओढायला चार, सहा, कधी आठ बैल जुंपावे लागत. एवढे बैल एका घरात नसत, म्हणून शेजारी एकमेकांचे बैल घेऊन 'सावड' करत. हा नांगर जमीन फोडतो, मोठी ढेकळं काढतो, पण माती पालथी घालत नाही. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वाकवलेला पत्रा असतो. फाळाने कापलेली मातीची पट्टी त्यावरून चढते आणि उलटून पडते. हरळी-कुंद्यासारखं चिवट तण मुळासकट उन्हात येतं. ऊस लावणाऱ्याला तर अशी खोल, उलटी नांगरट फार उपयोगाची.

म्हणजे कागदावर सगळा फायदा लोखंडी नांगराचा होता. तरी शेतकरी घेईना. लोखंडामुळे जमीन विषारी होते, असं तो म्हणत होता.

'जमीन विषारी होते'

या वाक्यावर मी बराच थांबणार आहे, कारण आपण ते फार सहज 'अंधश्रद्धा' या खणात टाकतो. अडाणी शेतकरी आणि द्रष्टा उद्योजक अशी जोडी लावली की गोष्ट सोपी होते आणि शिकण्यासारखं जे आहे ते हातून निसटतं.

अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या माणसाने १७९७ मध्ये बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नांगराचं पेटंट घेतलं. तिथल्या शेतकऱ्यांनी तो नाकारला आणि कारण हेच दिलं: लोखंडाने जमिनीत विष उतरतं, तण माजतं. न्यूबोल्डने त्या नांगरापायी मोठी रक्कम घालवली आणि शेवटी नाद सोडला. म्हणजे शंभर वर्षांच्या आणि सात समुद्रांच्या अंतराने, धर्म, भाषा, पीक, जमीन सगळं वेगळं असलेल्या दोन ठिकाणच्या शेतकऱ्यांनी एकाच प्रकारच्या अवजाराला एकच उत्तर दिलं. हे समजल्यावर 'आपला शेतकरी मागासलेला' हे स्पष्टीकरण मला तरी टिकत नाही. दोन्हीकडे शेतकऱ्याच्या मनात काहीतरी समान चाललेलं असणार.

काय चाललं असेल? माझा अंदाज असा. लाकडी नांगरामागे गावातली एक पूर्ण व्यवस्था उभी होती. सुतार नांगर बनवायचा, लोहार फाळ ठोकून द्यायचा, आणि वर्षभराच्या दुरुस्तीचा मोबदला दोघांना सुगीत खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळायचा. इसाड, म्हणजे नांगराचा लांब दांडा, मोडलं तर दुपारपर्यंत दुसरं बसे. रोख पैसा लागत नसे. वाफसा, म्हणजे जमिनीत कामापुरती ओल असण्याचा काळ, चार दिवसांचा असतो. त्या चार दिवसांत औत बंद पडलं तर वर्षाचा घास जातो, हे शेतकऱ्याला माहीत होतं आणि बलुत्याची व्यवस्था नेमकी त्याच भीतीवरचा उपाय होती.

लोखंडी नांगराने ही व्यवस्था एका फटक्यात निरुपयोगी ठरवली. तो रोखीने घ्यायचा. बीड ठिसूळ असतं. मुरमाड रानात दगडाला आपटलं तर तडकतं, आणि तडकलेलं बीड गावातल्या लोहाराच्या भात्यावर सांधत नाही. सुतार त्याला हात लावू शकत नाही. मोडला तर बेळगाव. बरं, सुतार-लोहाराला डावलून नांगर आणला तर कुळव, पाभर, गाडी यांच्या कामासाठी पुन्हा त्यांच्याच दारात जायचं. ही सगळी बेरीज-वजाबाकी शेतकरी एका परक्या विक्रेत्यापुढे मांडून दाखवणार नाही. तो जमिनीचं नाव पुढे करतो, कारण त्यावर वाद घालता येत नाही. गिऱ्हाईक तोंडाने जे कारण देतं ते खोटं नसतं, पण बहुतेक वेळा ते संपूर्णही नसतं.

ती दोन वर्षं तोट्याची होती यात शंका नाही. पण त्या काळात शेतकरी जे सांगत होता ते उत्पादनाविषयी होतं: तुमच्या नांगराला मागचं-पुढचं काही नाही.

फाळ

अवजाराचा जमिनीशी खरा सामना होतो तो फाळाच्या टोकावर. तिथे काय अडतं, हे जाणणाऱ्यालाच नांगराचा धंदा कळतो.

फाळ मऊ असेल तर दगडगोट्यांच्या रानात बघता बघता बोथट होतो आणि मग बैलांवर ताण येतो, तास उथळ जातो. फार कडक असेल तर तुटतो. या पेचावर इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ मध्ये उपाय काढला होता. ओतताना फाळाची खालची बाजू साच्यातल्या थंड धातूला लागून झटकन गार करायची. तेवढ्या भागाचं बीड पांढरं, अतिशय कडक होतं. वरची बाजू सावकाश गार झाल्याने करडी आणि त्यामानाने मऊ राहते. शेतात चालताना वरचा मऊ थर आधी झिजतो, खालचा कडक थर पुढे राहतो, आणि फाळ आपोआप धारदार राहतो. दुसरी सुधारणा अमेरिकेतल्या जेथ्रो वूडची, १८१९ च्या पेटंटातली: नांगराचे भाग वेगवेगळे ओतायचे, म्हणजे झिजलेला किंवा तुटलेला तेवढाच भाग बदलता येतो.

या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. नांगर एकदा विकला जातो, फाळ दर हंगामाला. शेतकऱ्याची 'मोडला तर काय' ही भीती सुटे भाग जवळ मिळाले की निम्मी होते आणि कारखान्याला वर्षभर चालणारं ओतकाम मिळतं. पण हे जमायचं तर प्रत्येक फाळ प्रत्येक नांगराला बसला पाहिजे. बोल्टाचं भोक एका सुताने सरकलं तरी शेताच्या बांधावर बसलेला माणूस ते बसवू शकत नाही. म्हणजे साचे नेमके हवेत, बिडाचं मिश्रण रोज तेच यायला हवं, भट्टीवरचा माणूस कसबी हवा. विलायती फाळाच्या तोडीचा फाळ सातत्याने काढणं ही बेळगावच्या लहानशा भट्टीपुढची खरी परीक्षा होती. तिथे जाहिरात उपयोगी पडत नाही.

आज अवजारं बनवणाऱ्या तरुणांशी बोलताना मला जाणवतं की त्यांचं सगळं लक्ष पहिल्या यंत्रावर असतं. पहिलं यंत्र चाललं की व्हिडिओ निघतो, कौतुक होतं, बक्षीस मिळतं. विसाव्या यंत्राचा सुटा भाग तिसऱ्या यंत्राला बसतो का, हे कोणी विचारत नाही. शेतकरी मात्र पहिल्या भेटीतच तेवढंच विचारत असतो, त्याच्या पद्धतीने.

जागा, रूळ आणि एक संस्थानिक

नांगर खपू लागला, धंद्याने जरा अंग धरलं, आणि नवीनच संकट आलं. बेळगावात गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. भट्टी असलेल्या कारखान्याला असं उठावं लागणं म्हणजे जवळजवळ मरण.

याच सुमाराला औंध संस्थानात लक्ष्मणरावांकडे एका बांधकामाचं काम होतं, त्यामुळे तिथल्या राजघराण्याशी ओळख झालेली होती. बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ च्या अखेरीस औंधच्या गादीवर आले. ते स्वतः चित्रकार, आणि लक्ष्मणरावही मुळात चित्रकला शिकायला घराबाहेर पडलेले. गादीवर येऊन काही महिने होतात न होतात तोच त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळरानाची जमीन आणि कर्ज, दोन्ही दिलं. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडी सुरू झाली. सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं सोबत आली. माळावर निवडुंग होता, साप होते, पाण्याची ओरड होती.

निवडुंग आणि साप प्रत्येक कथनात येतात. रुळांकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. औंध हे तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं छोटं संस्थान, राजधानी दूर. पण कुंडलचा तुकडा पुणे-मिरज लोहमार्गाला लागून होता. बिडाच्या धंद्यात कच्चं लोखंड आणि कोक, म्हणजे भट्टीसाठी दगडी कोळशापासून केलेलं इंधन, टनांनी यावं लागतं आणि तयार नांगर टनांनीच बाहेर जावा लागतो. बैलगाडीवर ते परवडत नाही. ओसाड जमीन मिळाली हे खरं, पण मालगाडी जिथे थांबते अशी ओसाड जमीन मिळाली. जिल्हा बदलला, स्टेशनचं नावही आज किर्लोस्करवाडी आहे. पलूस तालुक्यातला तो सगळा भाग आता हिरवागार दिसतो, म्हणून त्या निवडीतला व्यवहार आज पटकन ध्यानात येत नाही.

या टप्प्यावर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बाळासाहेबांसारखा आश्रयदाता सगळ्यांना भेटत नाही. कोणत्याही बँकेने त्या काळी एका माजी शिक्षकाला माळावर कारखाना काढायला पैसे दिले नसते. त्यामुळे 'मेहनत केली की मिळतं' असा निष्कर्ष या प्रकरणातून काढणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. एवढं मात्र म्हणता येतं की आश्रय मिळाला तेव्हा दाखवायला चालता धंदा होता. पहिली दोन कोरडी वर्षं पार करून, शेतकऱ्याने पैसे मोजून घेतलेला नांगर पाठीशी होता.

वाडीतली माणसं

किर्लोस्करवाडीच्या माणसांची यादी वाचली की मला नेहमी हुरूप येतो. शंभूराव जांभेकर तांत्रिक बाजूचा कणा झाले. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले आणि हिशेबाचा सगळा भार त्यांनी पेलला. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण कल्पक यंत्रज्ञ. परीक्षेत नापास झालेले के. के. कुलकर्णी कारखान्याच्या वतीने गावोगाव फिरणारे, अडलेली कामं सोडवणारे व्यवस्थापक झाले. ज्यांना सरकारने आणि समाजाने गुन्हेगार ठरवून टाकलं होतं अशा तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्याकडे वाडीच्या राखणीची जबाबदारी होती. वसाहतीत शिवाशिव चालणार नाही, हा लक्ष्मणरावांचा नियम होता. १९१० च्या दख्खनमध्ये हे करणं सोपं नव्हतं.

यामागे माणुसकी होतीच. पण मला त्यात कामाविषयीची एक नजरही दिसते. पदवीधारक इंजिनिअर माळावर येणार नव्हता, आणि आला असता तरी त्याचा पगार परवडला नसता. मग माणसाच्या हाताला काय येतं ते बघून काम द्यायचं. आज तालुक्याच्या गावी कारखाना चालवणारे अनेकजण 'चांगली माणसं मिळत नाहीत' म्हणतात. त्यांनी ही यादी एकदा सावकाश वाचावी.

युद्ध आणि तोफा

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि परदेशी कच्चं लोखंड, कोक, रंग सगळंच दुर्मीळ झालं. जमशेदपूरचा पोलाद कारखाना नुकता १९११-१२ मध्ये सुरू झालेला, पण त्याचा माल युद्धाच्या कामाकडे वळला. भट्टी बंद पडली तर पाचशे मैलांवरून कोणी मदतीला येणार नव्हतं. लक्ष्मणरावांनी कोकच्या जागी लोणारी, म्हणजे लाकडाचा, कोळसा वापरायचे प्रयोग केले. लोखंडासाठी मोडीच्या, म्हणजे भंगाराच्या, मागे लागले, आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या, निकामी तोफा मिळाल्या. त्या फोडून, वितळवून त्यांचे नांगर झाले.

तोफेचा नांगर झाला, ही प्रतिमा सुंदर आहे आणि तिच्यावर भाषणं होतात. ओतकाम करणाऱ्याला मात्र त्यात वेगळंच दिसेल. वेगळ्या जातीचं जुनं लोखंड आणि वेगळं इंधन वापरून पूर्वीसारखाच फाळ काढायचा, म्हणजे भट्टीचं प्रत्येक गणित नव्याने मांडायचं. हे शक्य झालं कारण मधल्या दहा वर्षांत वाडीच्या लोकांनी बिडाचा स्वभाव ओळखला होता. आयता साचा आणून माल काढणारा कारखाना या काळात टिकला नसता. त्याच वेळी बोटींवरून येणारे परदेशी नांगर थांबले आणि देशी नांगराला मैदान मोकळं झालं, हाही त्या काळाचा भाग आहे.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची आणि मालाची माहिती देणारं हे पत्र पुढे मराठीतलं एक महत्त्वाचं मासिक झालं. विक्रेता, शेतकरी आणि कारखाना यांच्यात सतत बोलणं चालू राहावं, यासाठी स्वतंत्र छापील साधन उभं करणारा दुसरा कारखाना त्या काळी मराठी मुलखात मला तरी आठवत नाही. उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं आली, १९२६ मध्ये सेंट्रिफ्युगल पंप आला. नांगराच्या वाटेने ज्या शेतकऱ्याच्या घरात प्रवेश मिळाला होता, त्याच्याच पुढच्या अडचणींवर ही यंत्रं होती.

शेजाऱ्यांनी काय घेतलं

जवळचा संशोधक पुढच्या उद्योजकाला खरंच काही देतो का, याचा पुरावा शोधायला आजपर्यंत यायची गरज नाही. त्याच लोहमार्गावर सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगरांचा कारखाना उभा केला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे प्रधानमंत्री, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, होते. कूपर नांगर आणि किर्लोस्कर नांगर यांची स्पर्धा कित्येक वर्षं चालली. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी पहिल्या महायुद्धाच्या काळात काचेचा कारखाना काढला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी पोचला; त्या ठिकाणाला ओगलेवाडी हे नाव पडलं.

कूपरांचं उदाहरण मला विशेष वाटतं. लोखंडी नांगर शेतकरी घेतो, त्याला फाळ लागतात, पुणे-मिरज मार्गावरून तो सगळीकडे जातो, हे सगळं कूपरांना डोळ्यांसमोर दिसत होतं. पहिल्या माणसाने दोन वर्षं सोसून जे सिद्ध केलं ते दुसऱ्याला तयार मिळालं. जवळच्या उदाहरणाचं मोल हे आहे. तुम्ही जाऊन बघू शकता, माल हातात घेऊ शकता, त्यांच्याकडून सुटलेल्या कामगाराशी बोलू शकता, गिऱ्हाईकाला विचारू शकता. सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपनीची चरित्रकथा कितीही प्रभावी असली तरी तिच्या गिऱ्हाईकाशी तुमची भेट होत नाही.

हे दुसऱ्या बाजूनेही तपासता येतं. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) हे मुंबईचे, बुद्धीने लक्ष्मणरावांहून कदाचित जास्तच झेपावणारे संशोधक. छपाईचे खिळे पाडणाऱ्या त्यांच्या यंत्राने लंडनमध्ये लक्ष वेधलं. दादाभाई नौरोजींनी त्यांना साथ दिली, जमशेटजींचे पुत्र सर रतन टाटा यांनी पैसा लावला. पण त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे तिकडचे मोठे छापखाने आणि टाइप कारखाने. त्या बाजारात लायनोटाइप आणि मोनोटाइपसारख्या, छपाईची जुळणी यंत्रं बनवणाऱ्या, कंपन्या पाय रोवून होत्या. भिसे पुढे अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कमध्येच वारले. त्यांच्या नावाची एखादी वाडी झाली नाही. भिसेंच्या प्रतिभेविषयी मला अतिशय आदर आहे, आणि म्हणूनच त्यांचं प्रकरण लक्ष्मणरावांच्या शेजारी ठेवून शिकवावं असं मी आग्रहाने म्हणतो. एकाचं गिऱ्हाईक दोन गावांपलीकडे होतं, दुसऱ्याचं दोन समुद्रांपलीकडे.

आजच्या अवजारवाल्यासाठी

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी वहिवाट १.३४ हेक्टर आहे, देशात १.०८. एवढ्या जमिनीवर बैलजोडी परवडत नाही आणि स्वतःचा ट्रॅक्टरही परवडत नाही. म्हणून तण काढणारे पॉवर वीडर, छोटी पेरणी यंत्रं, बॅटरीवरचे फवारे यांची मागणी खरी आहे. सांगली, नाशिक, कोल्हापूर, नगर या पट्ट्यात अशी यंत्रं बनवणारी कितीतरी वर्कशॉप्स आहेत. द्राक्षाच्या फवारणीचे ब्लोअर तर तासगाव-नाशिककडच्या कारागिरांनी बागायतदाराच्या मांडवाखाली उभं राहून, ओळींची रुंदी आणि वेलीची उंची बघून सुधारत नेले. लक्ष्मणरावांची परंपरा मला सर्वांत जास्त तिथे दिसते.

उलट बाजूला ड्रोन आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० महिला बचतगटांना ड्रोन द्यायचे ठरले. किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये अनुदान. फवारणीच्या कामात माणसाचं विषारी औषधापासून रक्षण होतं, वेळ वाचतो, महिलेला स्वतःचा व्यवसाय मिळतो. मला ही योजना यशस्वी झालेली बघायची आहे. म्हणूनच १९०३ चा प्रश्न तिला विचारावासा वाटतो: हंगामाच्या चार दिवसांत बॅटरीने मान टाकली, पंखा तुटला, तर ती ताई कुठे जाणार? अनुदानाने पहिली विक्री होते. लक्ष्मणरावांची अडचण पहिल्या विक्रीची होती, त्यामुळे अनुदान असतं तर त्यांची दोन वर्षं कदाचित वाचली असती. पण मग शेतकऱ्याचा नकार ऐकायला मिळाला नसता, आणि फाळाचा धडाही नाही.

आज यंत्र अनुदानाच्या यादीत बसवणं हेच अनेक तरुण उद्योजकांचं पहिलं उद्दिष्ट झालं आहे. यादीत नाव आलं की माल जातो, म्हणून शेतकरी काय म्हणतो ते कानावर पडत नाही. अनुदान थांबलं की माल थांबतो, आणि त्या वेळी कळतं की दरवर्षी सुटे भाग मागणारं एकही गिऱ्हाईक तयार झालेलं नाही. मी या भागातल्या तरुणांना एकच काम सुचवतो. पहिली पाच यंत्रं अनुदानाशिवाय, पूर्ण किमतीला, आपल्या गावापासून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरात विका. ज्यांनी नकार दिला त्यांची कारणं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. मग प्रत्येक कारणापुढे स्वतःला विचारा: हा माणूस यंत्राविषयी बोलतो आहे, की यंत्र बंद पडेल त्या दिवसाविषयी?

दुसरं काम किमतीचं. यंत्राची किंमत ठरवण्याआधी सर्वांत लवकर झिजणाऱ्या भागाची किंमत ठरवा, आणि तो भाग तालुक्याच्या कोणत्या दुकानात, कोणाच्या उधारीवर राहील तेही. त्या दुकानदाराला भागामागे काय सुटणार हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. गावातल्या वेल्डरला किंवा मोटार रिवाइंडिंगवाल्याला दुरुस्ती शिकवून त्यात त्याचा वाटा ठेवा. बलुत्यातल्या सुतार-लोहाराची जागा आज तोच घेतो, आणि तो तुमच्या यंत्राच्या विरोधात गेला तर शेतकरी तुमचं ऐकणार नाही. ही दोन कामं झाल्यावर जाहिरातीसाठी पैसा उरला तर तो जरूर खर्च करा.